शेवटचा पीळ

पिळेमामा हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. ते गिऱ्हाइकांनी ठेवलं, आणि तेही वैतागून. चाळीस वर्षं या माणसाने प्लंबरकी केली, लोकांच्या मोऱ्यांत पालथं पडून जन्म काढला. जोड लागला, पाणी सोडून झालं, खाली हात फिरवला तर कोरडा ठणठणीत, गिऱ्हाईक म्हणतंय झालं ना आता, तर मामा म्हणणार, "थांबा, शेवटचा पीळ राहिलाय." मग जीभ दातांत धरून नटाला आणखी पाव फेरा द्यायचे. तो पाव फेरा म्हणजे त्यांची सही. पुढे कधी तो नट उघडायची वेळ ज्याच्यावर यायची, तो मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जायचा. पण मामांचा जोड गळला असं चाळीस वर्षांत कोणी म्हणालं नाही, आणि हे मामा दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत.

घरी तर विचारूच नका. मामांनी लावलेलं बरणीचं झाकण उघडायला मामाच लागत. मोरीतला नळ मामी फडकं गुंडाळून, दोन्ही हातांनी, नवऱ्याला लाखोली वाहत सोडायच्या. एकुलती एक लेक पहिलीत असताना तिच्या बुटांच्या नाड्या मामांनी अशा बांधल्या, की बाईंना शेवटी कात्री आणावी लागली. ही लेक लहानपणी कागदाची भिंगरी घेऊन अंगणात धावत सुटायची, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. ती सायकल शिकली आठवीत. का, तर मामा सीट सोडायला तयार नव्हते. "सोडतो गं, सोडतो," म्हणत ते सहा महिने मागे पळत होते.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," मामी म्हणायच्या. हे त्या रागाने म्हणत की कौतुकाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर ही भिंगरी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या कामाला लागली, आणि तिशीत आल्यावर एका सकाळी म्हणाली, "बाबा, मागच्या शेडमधले तुमचे जुने पाइप हलवायला लागतील. मला विमान बांधायचंय."

मामांना वाटलं, दुकानाच्या काचेत ठेवायला काहीतरी असेल. "केवढं?"

"दोन माणसं बसतील एवढं."

"आणि ते उडणार?"

"नाही, त्यात बसून आपण चहा पिऊ. उडणारच ना, बाबा."

चौकशीअंती असं निघालं, की दोन वर्षं दर रविवारी मैत्रिणीकडे म्हणून जाणारी भिंगरी फ्लाइंग क्लबात जात होती आणि तिने विमान चालवायचा परवानासुद्धा काढला होता. मामींना ते माहीत होतं. मामा तीन दिवस दोघींशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी उठले आणि गुपचूप पाइप हलवायला लागले.

विमान बांधायला सहा वर्षं लागली. दुकानातून आली की भिंगरी शेडमध्ये. आधी शेपूट झालं, मग एक पंख, मग दुसरा. पत्रे जोडणारे रिव्हेट मारताना पलीकडून लोखंडाचा ठोकळा धरायचं काम मामींनी केलं. एवढ्या ठणठणाटात त्या कशा टिकल्या देव जाणे, पण लेकीच्या कामाला हात लागतो म्हणून त्यांची मान ताठ होती. मामा दारापर्यंत यायचे, आत डोकवायचे, "आपल्याला यातलं काय कळतंय," म्हणून परत फिरायचे. खरं कारण निराळं होतं. एकेक पत्रा जोडला गेला की त्यांना वाटायचं, आता उडायचा दिवस एक पत्रा जवळ आला. पहिल्यांदा ते विमान भिंगरी एकटीच नेणार होती. नियमच तसा होता, पहिल्या उड्डाणाला दुसरं माणूस बसवायचं नाही. हा नियम ऐकल्यापासून मामा शेडच्या उंबऱ्याआत पाय टाकत नव्हते.

पण ज्या दिवशी नळ्यांचं काम निघालं, त्या दिवशी मामांना बोलवावं लागलं नाही. पंखांतल्या टाक्यांतून इंजिनापर्यंत पेट्रोल न्यायचं, पायाशी ब्रेकचं तेल न्यायचं, सगळ्या करंगळीएवढ्या जाडीच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या. मामा हत्यारांची पिशवी घेऊन हजर. पिशवीतून त्यांनी पहिली वस्तू काढली ती पांढऱ्या टेपची गुंडाळी.

"बाबा, टेप खिशात," भिंगरी म्हणाली.

"अगं, आट्यांना गुंडाळायला. त्याशिवाय गळणार नाही का?"

मग तिने दाखवलं. या जोडात आटे पेट्रोल अडवत नाहीत. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, ते फुललेलं तोंड जोडाच्या निमुळत्या टोकावर बसतं, आणि नट फक्त त्याला दाबून धरतो. टेपचा एक धागा सुटला, पेट्रोलातून पुढे गेला, बारीक भोकात अडकला, की इंजिन बंद.

"बंद पडलं तर पडलं. उघडून साफ करू," मामा म्हणाले.

"वर, बाबा."

मामांनी टेप खिशात घातली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

तसं म्हणाल तर मामांनी तिथे कमालही करून दाखवली. भिंगरीकडे नळी वाकवायचं यंत्र होतं, पण अवघड जागेसाठी मामा नळी नुसत्या अंगठ्यांवर वाकवायचे. कुठे चपटेपण नाही, कुठे सुरकुती नाही. सरळ नेता येते तिथेही भिंगरी बाक ठेवायला लावते म्हणून आधी ते कुरकुरले. इंजिन थरथरतं, ताणलेली नळी तुटते, बाक असला तर ती थरथर पचवते, हे कळल्यावर मात्र असे देखणे बाक द्यायला लागले, की भिंगरीने त्यातल्या एका नळीचा फोटो काढून क्लबात सगळ्यांना दाखवला. मामांनी तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. आणि त्याच आठवड्यात त्यांनी एका दिवसात तीन नळ्या वाया घालवल्या. का? तर तोंड फुलवायच्या आधी नळीवर नट आणि त्याच्या आतली बारीक कडी सरकवायला विसरले. एकदा तोंड फुललं की नट नळीवर चढायची वाट बंद. तिसरी नळी हातात धरून मामा टेबलावरच्या नटाकडे बघत उभे राहिले तेव्हा मामी दारातून म्हणाल्या, "आधी कळस मग पाया रे, म्हणतात ते हेच का?" तिन्ही नळ्या भिंगरीने खिळ्याला टांगून ठेवल्या. आता विमान बांधणारा प्रत्येक जण हे एकदा तरी करतोच, असं ती त्यांना सांगत होती, पण मामांचं तोंड संध्याकाळपर्यंत उतरलेलं होतं.

सगळे मिळून एकतीस नट होते. ते आवळायचं काम भिंगरीचं. तिच्याकडे एक लांब दांड्याचा पाना होता. त्यावर जोर किती लावायचा तो आकडा आधी ठरवायचा, आणि तेवढा जोर झाला की पान्यातून आवाज येतो, खट्. खट् झालं की थांबायचं. मग ती लाल नेलपॉलिशची बाटली घ्यायची आणि नटावरून जोडावर एक बारीक सरळ रेघ ओढायची. नट पुढे कधी केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. दर उड्डाणाआधी झाकण उघडून रेघा बघायच्या, बस्स.

"आणि गळलं तर?" मामांनी विचारलं.

"गळलं तर आवळायचं नाही. उघडायचं आणि आत काय चुकलंय ते बघायचं."

गळतंय आणि आवळायचं नाही! चाळीस वर्षांच्या प्लंबराला हे सांगायचं म्हणजे काय! पहिल्या नटाचा खट् मामांनी ऐकला आणि त्यांचं मनगट शिवशिवलं. एवढ्यातच? अजून तर नट पुरता बसलासुद्धा नाही. दुसरा, तिसरा, दहावा. प्रत्येक वेळी तेच. मामांच्या मनगटाला ठाऊक होतं की आणखी पाव फेरा जागा आहे, आणि ते मनगट आजवर कधी खोटं बोललेलं नव्हतं. जेवताना त्यांचा घास हातातच राहायला लागला.

मंगळवारी दुपारी मामी बहिणीकडे गेल्या होत्या, भिंगरी दुकानात. मामा शेडमध्ये गेले. फक्त एकच, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. लेकीच्या पायाशी पेट्रोल बंद करायची चावी असते, तिथला तेवढा एक. आपला जुना पाना लावला, जीभ दातांत धरली, आणि दिला पाव फेरा. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मग वाटलं, याला दिला तर शेजारच्याने काय पाप केलंय. दीड तासात एकतीसच्या एकतीस झाले. सगळ्या रेघा तुटल्या. मामांनी थिनर लावून त्या पुसल्या, फळीवरची नेलपॉलिशची बाटली घेतली, आणि भिंगं घासणाऱ्या लेकीच्या तोडीस तोड अशा एकतीस नव्या रेघा ओढल्या. हात जराही थरथरला नाही. त्या दिवशी मामा पोटभर जेवले आणि मामींना म्हणाले, "पोरगी काम चोख करते हो." किती दिवसांनी यांची कळी खुलली म्हणून मामीही खूश झाल्या.

शनिवारी भिंगरीने टाक्यांत पेट्रोल भरलं. रविवारी क्लबातले तपासनीस येणार होते. त्यांची सही झाली की विमान धावपट्टीवर न्यायचं. तीन तास पेट्रोल तसंच ठेवून ती टॉर्च घेऊन एकेक जोड बघत गेली, आणि पायाशी असलेल्या त्या चावीपाशी थांबली. नटाखाली थेंब होता. मोठा नाही, डाळीच्या दाण्याएवढा.

तिने आवळलं नाही. पेट्रोल काढून टाकलं, नट उघडला. "जडच सुटला," एवढं पुटपुटली. दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग तिने खिशातून काढलं आणि नळीचं फुललेलं तोंड बराच वेळ बघितलं. मग ती नळी मांडीवर ठेवून खोक्यावर बसली.

"तडा गेलाय," ती म्हणाली. "मी फुलवलेली नळी आहे ही. बघून घेतली होती तेव्हा. मला तडा दिसला नाही, बाबा."

मामा दारात उभे होते. चाळीस वर्षांत माझा एक जोड गळला नाही, हे रोज म्हणणारा तो माणूस. भिंगरीने तपासनीसांना फोन लावला. "उद्या येऊ नका," तिने सांगितलं. "नाही, एक नळी बदलण्याचा प्रश्न नाही. नळ्यांची तोंडं मी फुलवलीत, रिव्हेट मी मारलेत, पंख मी जोडलेत. मला माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. नाही, पुढची तारीख नको. मी कळवते." फोन ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा विमानाकडे पाठ करून.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मामांचं आयतंच फावलं होतं. लेक जमिनीवर राहणार होती. फक्त गप्प राहायचं होतं. पण ज्या हातांवरचा तिचा भरवसा उडाला होता ते हात मामांनी सहा वर्षं बघितले होते. ते हात चुकीचे नव्हते. चूक कोणाची, ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"तुझा हात नाही चुकला," मामा म्हणाले. "मी आवळलाय तो."

भिंगरीने वर बघितलं. "काय?"

"मंगळवारी. शेवटचा पीळ दिला."

"याला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"एकतीस."

ती उठली, टॉर्च घेऊन इंजिनापाशी गेली आणि एक रेघ जवळून बघितली. मग दुसरी. "पण रेघा तर..." ती म्हणाली आणि थांबली. फळीवरच्या बाटलीकडे तिची नजर गेली. अर्धी बाटली संपलेली होती.

"आवळलंत ते मी समजू शकते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "तुम्ही माझ्या बुटांच्या नाड्यासुद्धा तशाच बांधायचात. पण रेघ कशी ओढलीत, बाबा? त्या रेघेवर विश्वास ठेवून मी वर जाणार होते."

खोक्यावर बसून हा साठीपार केलेला माणूस हमसून हमसून रडला. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "तू एकटी जाणार. तिथे मला मागे पळता येणार नाही."

"मलाही वाटते," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर रेघ ओढते."

दोन दिवस शेडला कुलूप होतं. घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज. मामी दोघांच्या मधे बसून जेवायच्या, कोणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंगरी दुकानातून आली, शेड उघडली आणि हाक मारली, "बाबा, या. एकतीस उघडायचेत. तुमचा पीळ तुम्हीच सोडवा."

सोडवताना मामांना घाम फुटला. आपल्यामागून येणाऱ्या माणसांनी आपल्या सात पिढ्या का काढल्या ते त्यांना त्या दिवशी कळलं. भिंगरीने एकेक तोंड भिंगाखाली धरलं. सातांना जादा दाबाने तडे गेले होते, केसाएवढे. तिने ती सात तोंडं ओळीने मांडली आणि भिंग मामांच्या हातात दिलं. मामांनी सगळी बघितली. सातव्यापाशी विचारलं, "हा कुठला?"

"इंजिनाखालचा. धूर जातो त्या पाइपाशेजारचा. तो पाइप लालबुंद तापतो."

मामांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही.

मग दोघांनी पुन्हा सुरुवात केली. तडा असो नसो, सगळ्या नळ्यांची तोंडं नवी. जिथे कापून नळी आखूड पडली तिथे मामांनी नवी नळी वाकवली. नट आणि कडी आधी सरकवायला ते एकदाही विसरले नाहीत, कारण खिळ्यावरच्या तीन नळ्या डोळ्यांसमोर लटकत होत्या. तीन आठवडे स्वयंपाकघरात मामींना शेडमधून खट् खट् ऐकू यायचं, आणि त्या बसल्या जागी मोजायच्या. सव्वीस. सत्तावीस.

तीस झाले. शेवटचा राहिला तो पायाशी असलेल्या चावीचा, जिथून हे सगळं सुरू झालं होतं. भिंगरीने खट् वाजणारा पाना मामांच्या हातात ठेवला.

"मी आत जाऊन चहा टाकते," ती म्हणाली. "तुम्ही हा लावा."

आणि ती गेली. खरंच गेली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. शेडमध्ये मामा, विमान आणि एक नट. मामा आडवे झाले, पाना लावला, ओढला. खट्. मनगट लगेच म्हणालं, अजून पाव फेरा. मनगट काही बदललेलं नव्हतं, साठीपार केलेलं मनगट कुठलं बदलतंय. मामा तसेच पडून राहिले. मग त्यांनी पाना काढला, फळीवर ठेवला, आणि मोठ्याने हाक मारली, "भिंगरी, ये गं, रेघ ओढ."

या वेळी थेंब आला नाही. पेट्रोल तीन तास नाही, दोन दिवस ठेवलं. तपासनीस आले, रेघा मोजल्या, सही करून गेले.

उड्डाणाच्या सकाळी धावपट्टीच्या कुंपणाशी मामा आणि मामी उभे होते. भिंगरीने झाकण उघडून एकतीस रेघा बघितल्या, झाकण लावलं, आत बसली, आणि काचेतून आईबापांना हात केला. इंजिन सुरू झालं. विमान आधी हळू, मग जोरात धावायला लागलं. मामा कुंपणाच्या अलीकडे उभे होते, पण त्यांचे पाय जागच्या जागी पळत होते. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांनी हाताला लागेल ते धरलं. हाताला मामींचं मनगट लागलं.

विमान झाडांच्या वर गेलं, आणखी वर गेलं. मामी काही वेळ सोसत राहिल्या. मग वर बघतच म्हणाल्या, "अहो, खट् झालं."

मामांनी आपल्या हाताकडे बघितलं. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी मूठ सैल केली. सोडली नाही, नुसती सैल केली.

वीस मिनिटांनी भिंगरी उतरली आणि केस विस्कटलेले, डोळे भरलेले, अशी धावत कुंपणाशी आली. आईच्या मनगटावर बोटांच्या चार लाल रेघा उठल्या होत्या.

"हे काय गं आई?"

"काही नाही," मामी म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा बत्तिसावा नट. पण या वेळी थांबले हो वेळेवर."